मुलांच्या शाळेचा वार्षिक अहवाल कसा लिहावा: यशाच्या नोंदी आणि कर्मचारीवर्गातील बदल

वार्षिक अहवालाची खरी सुरुवात वर्षाच्या पहिल्या दिवशी करावी. त्यासाठी एक स्वतंत्र वही घालावी आणि स्पर्धा, परीक्षा, नेमणूक किंवा निरोप यांपैकी काहीही घडले की त्याच दिवशी तारखेसह दोन ओळी लिहून ठेवाव्यात: काय घडले, कोणत्या वयोगटात, मुलांबरोबर कोण गेले होते आणि तयारी कोणी करून घेतली होती. प्रमाणपत्रे मुले घरी घेऊन जातात, आणि वर्षाच्या शेवटी नुसत्या आठवणीवर विसंबून लिहिले की कपाटात दिसणारे चषक तेवढे अहवालात येतात.

क्रीडाविभागाच्या नोंदीत मोघमपणा सर्वाधिक शिरतो. ‘गोळाफेकीत शाळेचा नवा विक्रम’ असे लिहिले, पण गोळा किती वजनाचा होता हे लिहिले नाही, तर ती नोंद पुढे कोणाच्याही उपयोगाची राहत नाही. कारण आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे 18 वर्षांखालील मुलांचा गोळा 5 किलोचा, 20 वर्षांखालील मुलांचा 6 किलोचा आणि खुल्या गटातील पुरुषांचा 7.26 किलोचा असतो. धावण्याच्या शर्यतीत वेळ हातातील घड्याळावर मोजली की विद्युत यंत्रणेने, हेही नमूद करावे. माणूस बंदुकीचा आवाज ऐकून मग बटण दाबतो, त्यामुळे 100 मीटरच्या शर्यतीत हाताने मोजलेली वेळ सुमारे पाव सेकंदाने कमी भरते, आणि एवढ्या फरकाने एखाद्या प्रामाणिक मुलाचा जुना विक्रम विनाकारण पुसला जाऊ शकतो.

परीक्षांच्या निकालात टक्केवारीबरोबर संख्या द्यावी. 25 मुलांच्या वर्गात एक मुलगा अधिक उत्तीर्ण झाला की निकाल 4 टक्क्यांनी वर जातो. 200 मुलांच्या तुकड्यांत तोच फरक अर्धा टक्का भरतो. ‘25 पैकी 24’ असे लिहिले की वाचणाऱ्याला वस्तुस्थिती कळते आणि उरलेल्या एका मुलाची आठवण शाळेलाही राहते. पदकांच्या बाबतीतही असाच नेमकेपणा हवा. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये सुमारे बाराव्या हिश्श्याइतक्या स्पर्धकांना सुवर्णपदक मिळते, म्हणून सुवर्णपदक म्हणजे पहिला क्रमांक असे तेथे गृहीत धरता येत नाही. ज्या स्पर्धेचा जो नियम असेल, त्याप्रमाणेच शब्द वापरावा.

मुलांच्या शाळेत मैदानावरील यश अहवालाची बहुतेक पाने व्यापते आणि गायन, चित्रकला, वाचन यांना शेवटी एखादा परिच्छेद मिळतो. हे मला अन्यायाचे वाटते. गायनवृंदाचेच पाहावे: साधारण बारा ते पंधरा या वयात मुलांचा आवाज फुटतो, त्यामुळे गेल्या वर्षी वरच्या पट्टीत सहज गाणारी मुले यंदा त्या पट्टीत गाऊ शकत नाहीत आणि संगीत शिक्षकांना दरवर्षी लहान मुलांतून वरच्या पट्टीचे आवाज नव्याने तयार करावे लागतात. ‘वृंदाला तिसरा क्रमांक’ एवढ्या नोंदीत ही मेहनत कोठेच दिसत नाही. ती एका वाक्यात का होईना, लिहावी.

कर्मचारीवर्गातील बदल लिहिताना सर्वाधिक काळजी घ्यावी, कारण येथे चूक झाली तर ती माणसाला लागते. मी लिहिलेल्या पहिल्याच अहवालात प्रयोगशाळा परिचरांची निवृत्ती नोंदवायची राहून गेली. अहवाल वाटून झाल्यावर ते माझ्याकडे आले, शेवटचे पान उलटून पाहिले आणि म्हणाले, “सर, माझं नाव पुढच्या पानावर आहे का?” पुढे पान नव्हते. तेव्हापासून मी एक पद्धत पाळतो. वर्षाच्या पहिल्या आणि शेवटच्या महिन्याची पगारपत्रके शेजारी ठेवावीत. एका यादीत आहे आणि दुसरीत नाही असे प्रत्येक नाव हा नोंदवण्याजोगा बदल असतो. मधल्या काळात येऊन गेलेले तात्पुरते शिक्षक या तुलनेत सापडत नाहीत, त्यांच्यासाठी कर्मचाऱ्यांचा हजेरीपट महिन्यागणिक चाळावा. लिपिक, ग्रंथपाल, शिपाई आणि रखवालदार यांची नावे शिक्षकांच्याच विभागात, त्याच अक्षरांत छापावीत.

आदेशाची तारीख, रुजू होण्याची तारीख आणि कार्यमुक्त होण्याची तारीख या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. अहवालात रुजू आणि कार्यमुक्त होण्याच्या तारखा द्याव्यात. नियत वयोमानानुसार निवृत्ती, स्वेच्छानिवृत्ती, राजीनामा आणि बदली हे शब्द एकमेकांऐवजी वापरू नयेत. आजारपण, मतभेद किंवा घरची अडचण यांमुळे कोणी शाळा सोडली असेल, तर त्या व्यक्तीच्या संमतीशिवाय कारण लिहू नये.

निरोपाच्या मजकुरात ‘प्रदीर्घ सेवेबद्दल शाळा त्यांची ऋणी राहील’ हे वाक्य कोणालाही लावता येते, आणि म्हणूनच ते कोणाचेच होत नाही. त्याऐवजी असे लिहावे: “विज्ञान शिक्षक 31 ऑक्टोबर रोजी 27 वर्षांच्या सेवेनंतर निवृत्त झाले. आठवीतील प्रत्येक मुलाने सूक्ष्मदर्शक स्वतःच्या हाताने जुळवल्याखेरीज ते पुढचा धडा सुरू करीत नसत.” अशी एक खरी गोष्ट मिळवण्यासाठी त्यांच्या सहकाऱ्यांशी आणि दोन-तीन माजी विद्यार्थ्यांशी अर्धा तास बोलावे लागते, आणि तो अर्धा तास अवश्य द्यावा.

यश आणि बदल ही दोन प्रकरणे वेगळी छापली, तरी लिहिताना ती एकमेकांना जोडून पाहावीत. जानेवारीत जिंकलेल्या रिले संघाला बॅटन देण्या-घेण्याचा सराव पावसाळ्यापासून देणारे क्रीडाशिक्षक नोव्हेंबरमध्ये बदलून गेले असतील, तर विजयाच्या नोंदीत त्यांचे नाव आधी आणि नंतर जबाबदारी घेणाऱ्या शिक्षकांचे नाव, अशी दोन्ही नावे यावीत. नव्याने आलेल्या शिक्षकांच्या बाबतीत पदव्यांची जंत्री न देता त्यांच्याकडे कोणते वर्ग आणि कोणता उपक्रम सोपवला आहे, ते लिहावे.

छपाईपूर्वी मुलांची नावे जनरल रजिस्टरवरून अक्षरशः ताडून घ्यावीत, छायाचित्रांसाठी पालकांची लेखी परवानगी घ्यावी आणि ज्या कर्मचाऱ्यांविषयी लिहिले आहे, त्यांना त्यांचा मजकूर आधी वाचायला द्यावा. अहवाल समारंभात वाचून दाखवायचा असेल, तर त्याची निराळी, छोटी प्रत तयार करावी. मात्र तिच्यातून निकालांचे तपशील कमी करावेत, निरोप घेणाऱ्यांपैकी एकही नाव गाळू नये.