‘त्रिज्या’ शब्दाचा अर्थ लावताना या चुका टाळा

गुहागरला आमच्या परसात विहीर खणण्यापूर्वी गड्याने मधोमध खुंटी ठोकली, तिला सहा फुटांचे सुंभ बांधले आणि ते ताणून धरत मातीत वर्तुळ आखले. तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या माझ्या पुतण्याने विचारले, “काका, सुंभ एकच, मग त्रिज्या का म्हणायचे?” प्रश्न रास्त होता, शब्द रोज वापरणारेही येथे अडखळतात.

‘त्रि’ म्हणजे वर्तुळाचा तिसरा भाग किंवा त्रिकोणाशी काही नाते, असे समजणे ही पहिली चूक. हे तीन म्हणजे तीन राशी. वर्तुळाच्या बारा राशी प्रत्येकी ३० अंशांच्या असल्याने तीन राशींचे ९० अंश होतात. ‘ज्या’ म्हणजे धनुष्याची दोरी (‘ज्या मुलाने’ यातले सर्वनाम नव्हे) आणि ९० अंशांची ज्या (गणितात ती अर्धी दोरी धरतात, ते पुढे येईल) नेमकी केंद्रापासून परिघापर्यंतच्या अंतराएवढी भरते. म्हणून ती त्रिराशिज्या, संक्षेपाने त्रिज्या.

दुसरी चूक अधिक खोल आहे: ज्या आणि जीवा एकच मानणे. मुळात दोन्हींचा अर्थ दोरीच, आणि जुन्या ग्रंथांत हे शब्द एकमेकांऐवजीही येतात. परंतु कोष्टकांतली ज्या ही अर्धी दोरी, तर आज शाळेत शिकवतात ती जीवा पूर्ण दोरी. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास २४ ज्यांचे कोष्टक दिले ते अशा अर्ध्या दोऱ्यांचेच, आणि त्यात त्रिज्या ३४३८ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) येते. आमच्या परसात हे पडताळता आले. तेच सुंभ वर्तुळावर सरळ ताणले की सहा फुटांची जीवा मिळते, तिच्यासमोरचा केंद्रीय कोन ६० अंशांचा असतो आणि तिचा अर्धा, म्हणजे तीन फूट, ही अर्ध्या कोनाची, ३० अंशांची ज्या. जो ६० अंशांची ज्या सहा फूट धरतो तो चुकतो, कारण ती सुमारे ५.२ फूट असते.

याच जीवा शब्दाचे अरबीत ‘जीबा’ झाले, ते स्वरांवाचून लिहिल्यामुळे ‘जैब’ असे वाचले गेले, आणि त्याच्या लॅटिन भाषांतरातून आपल्या पुस्तकांतला ‘साइन’ आला.

‘त्रीज्या’ असे दीर्घ लिहू नये. आणि विहीर बारा फुटांची हवी असेल तर गड्याला सुंभ सहा फुटांचे सांगावे, कारण बारा फूट हा व्यास झाला. तेवढे सुंभ दिले तर खणायची जागा चौपट होईल.