जपानहून ड्युसेलडॉर्फला आलात? मुलांच्या जपानीबद्दल थोडं

तोक्योहून बदली होऊन इथे आलेल्या मराठी घरांतून एक प्रश्न हमखास येतो. घर मिळालेलं असतं, आनमेल्डुंग म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी झालेली असते, तूरडाळ कुठे मिळते तेही कळलेलं असतं. मग चहा पिता पिता कुणीतरी हळूच विचारतं, "पोरगा जपानी फाडफाड बोलायचा हो. आता ते जाणार का?"

जाणार. काहीच केलं नाही तर तुम्हाला वाटतं त्याच्या कितीतरी आधी जाणार. आम्ही २०१७ च्या एप्रिलमध्ये तोक्योतल्या निशिकासाईहून इथे आलो, तेव्हा लेक तिकडची दुसरी नुकतीच संपवून आली होती. त्याच डिसेंबरात इमरमानश्ट्रासेवरच्या एका जपानी बेकरीत तिला मेलनपान नावाचा गोड पाव घ्यायला पुढे केलं. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "फुकुरो इरिमासु का?" म्हणजे पिशवी हवी का. लेकीला प्रश्न कळला, कारण पिशवीकडे हात गेला. तोंडही उघडलं. बाहेर आलं ते जर्मन: "या, बिट्टे", म्हणजे हो, द्या. बाई हसल्या, ही मात्र लाल होऊन माझ्या मागे उभी राहिली. आठ महिन्यांत कानातलं जपानी शाबूत होतं, जिभेवरचं गेलं होतं. हाताचं तर त्याच्याही आधी गेलं होतं. दुसरीपर्यंतच्या २४० कांजींपैकी, म्हणजे जपानीतल्या चिनी चित्रलिपीच्या अक्षरांपैकी, तिला धड लिहिता येत होत्या त्या पन्नासेक.

यावर इथे तुम्हाला भरपूर सल्ले मिळतील, आणि त्यातले बहुतेक जपानी घरांसाठीचे असतात. त्यांच्याकडे आई जपानी बोलते, आजी योकोहामात असते, उन्हाळ्यात नातवंडं आजीकडे राहून तिथल्या शाळेत दोन-तीन आठवडे बसतात. आपली आजी सांगलीला. त्यामुळे 'घरात जपानीच बोला' हा सल्ला कानाआड करा. मी तो मानला होता. ऑफिसात घासूनपुसून शिकलेलं माझं जपानी रात्रीच्या जेवणाला वापरायला लागलो, तर लेक माझे 'वा' आणि 'गा' हे प्रत्यय दुरुस्त करत बसायची, आणि त्या भानगडीत तिचं मराठीही आटलं. तेलही गेलं, तूपही गेलं. घरची भाषा मराठीच राहू द्या. चार भाषांच्या या खिचडीत तिची जागा इथे दुसरं कुणी भरणार नाही.

मग करायचं काय? उत्तर तुमच्याच सामानात असेल, जपानी शाळेच्या त्या पिवळ्या-निळ्या फायलीत. ओंदोकु कार्ड, म्हणजे मोठ्याने वाचनाचं कार्ड, आठवतंय? रोज धडा मोठ्याने वाचायचा, घरच्यांनी ऐकायचं, तारखेपुढे दुहेरी गोल, गोल किंवा त्रिकोण काढून सही करायची. तेव्हा आपण कुकर लावता लावता सही ठोकायचो. तिकडच्या शाळेने आपल्याला दिलेलं सगळ्यात कामाचं हत्यार तेच होतं. ऐकणाऱ्याला जपानी येण्याची गरज नाही, हे त्यातलं मर्म. मूल वाचतं, तुम्ही ऐकता, दहा मिनिटांत विषय संपतो. आम्ही त्यात एक भर घातली: वाचून झालं की काय वाचलं ते मराठीत सांगायचं. म्हणजे आईबाबा अडाणी आणि मूल दुभाषा. या खेळात मुलाला भाव मिळतो, आणि सात-आठ वर्षांच्या पोराला भाव मिळाला की ते काहीही करतं.

वाचायला काय द्यायचं, तर आधी जुनी कोकुगोची, म्हणजे शाळेतल्या जपानी भाषा विषयाची पुस्तकं. ती रद्दीत टाकली नसतील अशी आशा आहे. जपानमध्ये शाळेची पुस्तकं आपल्या मुलांनाही फुकट मिळत होती, पण परदेशात जपान सरकार ती फक्त जपानी नागरिकांच्या मुलांना देतं. भारतीय पासपोर्टवर काउन्सुलेटकडे विचारणा करून मी हे शिकलो, तुम्ही खेटा वाचवा. पुढच्या इयत्तेची विकत घ्यावी लागतात किंवा कुणाकडून तरी मिळवावी लागतात.

मिळवायचा मोसम ठरलेला आहे. जपानी कंपन्यांचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, म्हणून इथली जपानी कुटुंबं फेब्रुवारी-मार्चमध्ये परत निघतात आणि सायोनारा सेल लावतात. भाताचा कुकर, सायकल, आणि खोकी भरभरून मुलांची पुस्तकं. मी एकदा दहा युरोत चाळीसेक मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, उचलून आणल्या. मांगा म्हणून नाक मुरडू नका. मुलांच्या मांगांमध्ये प्रत्येक कांजीशेजारी बारीक हिरागाना, म्हणजे उच्चारानुसार लिहायची साधी लिपी, छापलेला असतो, त्यालाच फुरिगाना म्हणतात. त्यामुळे कांजी विसरलेलं मूलही अडत नाही. शिवाय त्यात सगळं बोलीतलं जपानी असतं, जे पाठ्यपुस्तकात सापडत नाही.

धाकटं भावंड असेल आणि त्याने अजून अक्षरंच गिरवली नसतील, तर आपल्याला एक गोष्ट आयती मिळाली आहे. हिरागानाचा तक्ता अ, इ, उ, ए, ओ असा चालतो आणि पुढे ओळी क, स, त, न, ह, म, य, र, व. हा क्रम ओळखीचा वाटतो, कारण तो बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अभ्यासातून, आपल्याच वर्णमालेच्या धर्तीवर बसवला गेला. आमच्या धाकट्याने तो बाराखडीच्या चालीवर आठवड्यात पाठ केला. तसाच दुसरा खजिना म्हणजे किराकिरा, बेताबेता, शितोशितो हे शब्द. जर्मनमध्ये त्यांची पंचाईत होते. मराठीत किराकिरा म्हणजे चमचम, बेताबेता म्हणजे चिकचिक, शितोशितो म्हणजे पावसाची रिपरिप. गाडीत बसल्या बसल्या ही जोड्या लावण्याची शर्यत चांगली रंगते.

शनिवारच्या जपानी शाळेबद्दल. होशुको, म्हणजे ही शनिवारची शाळा, उत्तम असते, पण ती जपानी ही परकी भाषा म्हणून शिकवत नाही. तिथे कोकुगोच, तिकडच्याच पुस्तकातून, आठवडाभराचं एका सकाळीत, आणि उरलेलं गृहपाठात. त्यातून इयत्तेचा घोळ. जपानमध्ये १ एप्रिलपर्यंत सहा पूर्ण झालेली मुलं पहिलीत जातात, इथल्या राज्यात ३० सप्टेंबरपर्यंत सहा होणारी मुलं ऑगस्टमध्ये पहिलीत बसतात. त्यामुळे एप्रिल ते सप्टेंबरमध्ये जन्मलेलं मूल जर्मन शाळेत पुढच्या वर्गात आणि शनिवारी मागच्या वर्गात, असं होऊ शकतं. ते आधी समजावून ठेवा, नाहीतर 'मला नापास केलं' म्हणून रडारड होते. आमची लेक एका शनिवारच्या वर्गात दोन सत्रं टिकली. शुक्रवारची संध्याकाळ म्हणजे घरात सुतक. काढून घेतलं, आणि अजूनही त्याचं वाईट वाटत नाही.

त्याऐवजी निशिकासाईची तिची मैत्रीण कामी आली. रविवारी इथले सकाळचे नऊ म्हणजे तिकडे उन्हाळ्यात दुपारचे चार, हिवाळ्यात पाच. दोघी व्हिडिओवर एकच चित्र काढतात आणि अखंड बडबडतात. इथल्या जपानी मैत्रिणींवर सगळी भिस्त ठेवू नका, त्या तीन-चार वर्षांनी परत जातात. आमच्याकडे अशा दोन पाठवण्या झाल्या. दुसऱ्या वेळी लेकीने आठवडाभर जपानीचं नावच काढलं नाही.

परीक्षा हवीच असेल तर शाळकरी मुलाला जेएलपीटी या परभाषिकांसाठीच्या जपानी परीक्षेपेक्षा कांजी केन्तेइ ही कांजींची परीक्षा बरी. ती इयत्तेनुसार चढते: दहावी पातळी पहिलीच्या ८० कांजींची, नववी २४० ची, आठवी ४४० ची. जेएलपीटी मोठ्यांसाठी बेतलेली आहे. वरच्या पातळ्यांवर ऑफिसातल्या सूचना आणि वर्तमानपत्री लेख, त्यात दहा वर्षांच्या पोराला काय गम्य?

हाताने कांजी लिहिण्याचा हट्ट मी चौथ्या वर्षी सोडला. वाचता येते, फोनवर टाइप करून नेमकी निवडता येते, तेवढं पुरे. आदरार्थी बोलणंही कच्चंच आहे. दुसरीत सुटलेलं मूल मैत्रिणीशी बोलावं तसंच सगळ्यांशी बोलतं. दुकानातल्या आजीबाईंनाही अरे-तुरे. त्यासाठी पुण्यातल्या एक जपानी शिकवणाऱ्या ताई आता आठवड्यातून एकदा ऑनलाइन घेतात, आणि मराठीतलं तू-तुम्ही-आपण समोर ठेवून समजावतात. ते तिला पटकन बसलं.

ओंदोकु कार्ड आजही चालू आहे. मी कोऱ्या कागदावर रकाने आखून दर महिन्याला छापतो. गुण देण्याचं काम गेली तीन वर्षं सांगलीच्या आजीकडे आहे. तिला जपानी ओ की ठो कळत नाही, पण आवाज खोल गेला की ती फोनवरून सांगते, "आज त्रिकोण काढ गं बाई, जेवली नाहीस वाटतं."