वायरमन 'येतो की' म्हणाला, तर

आम्ही २००९ साली नागपूरहून कोल्हापूरला आलो. पोरगी आता इथल्या बायकांसारखी 'मी येतो, मी जातो' म्हणते आणि नागपूरची आजी फोनवर अजून दचकते. विदर्भातनं इकडं बदली होऊन आलेलं एखादं तरी कुटुंब दरवर्षी ओळखीचं होतं. घर मिळतं, शाळा मिळते, तांबड्या रश्श्याची सवयही होते. मग महिन्याभरात फोन येतो, "ताई, तो वायरमन सकाळी येतो म्हणाला होता हो." म्हणून इथं वायरमनकडनं काम कसं करून घ्यायचं, ते एकदाचं लिहून काढते.

आधी इथला 'की' समजून घ्या. "येतो की." "करतो की." "होतंय की, काय टेन्शन घेताय वहिनी." आपल्याकडं येतो म्हणजे येतो. इथं शेपटाला 'की' लागला की त्याचा अर्थ एवढाच, की तुमचं काम त्याला मान्य आहे आणि तुमच्यावर त्याचा राग नाही. वार आणि वेळ त्यात धरलेली नसते. माणूस खोटं बोलत नसतो, तोंडावर नाही म्हणणं त्याच्या जिवावर येतं. त्यामुळं "उद्या नक्की ना?" असं विचारू नका, त्याला "नक्की की" हेच उत्तर आहे. "उद्या कुठलं काम धरलंय?" असं विचारा. लगेच खरं बाहेर येतं, "उद्या कळंब्यात स्लॅबला पायपा टाकायच्यात." म्हणजे उद्या तो येत नाही, दुपारी जेवून झोपा.

गणपतीच्या आधीचे पंधरा-वीस दिवस काम काढूच नका. निम्मे वायरमन मंडळांच्या लाइटिंगवर असतात आणि तिथनं सुटले की नवरात्र येतं. हिवाळ्यात फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की पेठेची मॅच शाहू स्टेडियमवर कधी आहे तेही बघून ठेवा. मी चेष्टा करत नाही. मॅचच्या दुपारी ओट्याची फरशी फोडलेल्या अवस्थेत मी दोन तास वाट बघितलेली आहे.

ती फरशी फुटली कशी, ते सांगते. आमच्याकडं एका शेगडीची २००० वॅटची इंडक्शन होती. ती जुनी झाली म्हणून ओट्यात बसवायची दोन शेगड्यांची घेतली, ३५०० वॅटची. खोक्यातनं काढली तर तिला प्लगच नाही, नुसत्या तीन वायरी लोंबताहेत. इथं एक हिशेब शिकून ठेवा, शाळेतल्या भागाकाराएवढा सोपा आहे. वॅटला २३० ने (म्हणजे घरातल्या विजेच्या व्होल्टनं) भागा, अँपिअर मिळतात. २००० वॅटचे होतात पावणेनऊ, ३५०० चे सव्वापंधरा. ६ अँपिअरच्या लहान पॉइंटवर यातलं काहीच चालवायचं नसतं. १६ च्या मोठ्या पॉइंटवर पहिली निवांत चालते, दुसरी मात्र कायम काठावर. तिला मेन बोर्डापासून स्वतंत्र लाइन लागते, ४ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरीची, आणि तिची स्वतःची २० अँपिअरची एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारं बटण.

हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी कुणीतरी दिलेल्या नंबरावर फोन केला, सामानासकट सगळं त्याच्यावर सोपवलं आणि ३००० रुपये आगाऊ दिले. तिसऱ्या आठवड्यात तो आला, फरशी फोडली आणि गेला. चार दिवसांनी परत आला नि पाऊण तासात काम संपवलं. दोन्ही शेगड्या पेटल्या, मी खूश. पाचव्या दिवशी एकीवर पुरण, दुसरीवर कटाची आमटी, आणि फ्रिजच्या मागनं जळका वास.

त्यानं मेनपासून लाइन आणलीच नव्हती. फ्रिजच्या पॉइंटवरनं लूप मारली होती, तीही दिव्यापंख्याला वापरतात त्या दीड स्क्वेअर एमएमच्या वायरीनं. बोर्डातली १६ ची एमसीबी सारखी पडायला लागल्यावर त्यानं ती काढून ३२ ची बसवली होती. हे नीट लक्षात घ्या, कारण ही युक्ती फार चालते. एमसीबी शेगडीच्या रक्षणासाठी नसते, भिंतीतल्या वायरीच्या रक्षणासाठी असते. ती पडते म्हणजे वायर सांगत असते की मला झेपत नाही. तिथं मोठी एमसीबी टाकायची म्हणजे तापलेल्या वायरीचं तोंड दाबायचं. "सारखी पडतीय म्हणून मोठी टाकली" असं कुणी अभिमानानं सांगितलं, तर तिथंच काम थांबवा.

अर्थिंगचं तर त्याहून वाईट. पॉइंटला हिरवी वायर होती, पण तुकडा होता पाच-सहा इंचाचा. त्यानं तो सरळ न्यूट्रलला, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरीला, जोडून ठेवला होता. असं केलं तरी टेस्टिंगचा दिवा झकास लागतो, म्हणून फसायला होतं. पण मागं कुठं न्यूट्रल तुटली तर फ्रिजच्या, शेगडीच्या पत्र्यात करंट उतरतो, आणि ओल्या हातानं आपणच त्याला हात लावतो. काही शंभर रुपयांत मल्टिमीटर मिळतो, तो घरात ठेवा. फेज (करंट आणणारी वायर) आणि अर्थमध्ये २३० व्होल्टच्या आसपास दिसायला हवं. मोठं उपकरण चालू असताना न्यूट्रल आणि अर्थमध्ये एखाददुसरा व्होल्ट असतोच, तिथं अगदी कोरं शून्य दिसलं तर संशय घ्या. मेन बंद करायला लावून प्लेट उघडून डोळ्यांनी बघा, न्यूट्रल आणि अर्थच्या मध्ये तुकडा जोडलाय का. आणि मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाइन तोडणारं बटण) नसेल तर याच कामात बसवून घ्या. दुसऱ्यांदा भिंत फोडायची हौस कुणाला असते?

सामान स्वतः आणा. शाहूपुरी-लक्ष्मीपुरीच्या बाजूला इलेक्ट्रिकची दुकानं आहेत, वायर मीटरवर कापूनही मिळते. अख्खं बंडल ९० मीटरचं असतं, एका शेगडीसाठी ते घ्यायची गरज नाही. वायरीच्या अंगावर जाडी आणि आयएस ६९४ छापलेलं असतं, ते वाचून घ्या. दुकानात आणखी एक काम करा: गल्ल्यावरच्या माणसाला विचारा, असं काम कुणाला द्यावं. कोण सामान परत आणून देतो, कुणाच्या नावानं गिऱ्हाईक भांडायला येतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. वायरमनकडं सरकारी परवाना आहे का, हेही सरळ विचारायचं. त्यात अपमान नाही.

माझे पैसे परत कसे आले, तर भांडून नाही. मी फोनवर नागपुरी तोंड सोडलं, त्यानं फोनच बंद केला. शेजारच्या काकूंनी एकच प्रश्न विचारला, "कुठल्या पेठेतला?" मला तेही माहीत नव्हतं. त्यांनी काढलं. त्याच्या तालमीतल्या एका वडीलधाऱ्या माणसाकडं निरोप गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो दारात, मान खाली. २००० रुपये दिले, "चुकलं वहिनी" म्हणाला. काम मात्र मी दुसऱ्याकडनं करून घेतलं. तेव्हा नंबर घेताना कोण, कुठला, कुणाच्या ओळखीचा, एवढं विचारून ठेवा. इथं पावतीपेक्षा ओळखीची लाज जास्त काम करते.

भाड्याचं घर असेल तर मालकांना आधी सांगा. वीजबिलावर मंजूर भार किती आहे ते बघा. तो कमी असेल तर महावितरणकडं वाढवून घ्यावा लागतो (इथं सगळे अजून 'एमएसईबी'च म्हणतात, ती २००५ मध्येच संपली). मीटरपर्यंतची तक्रार १९१२ वर करता येते, मीटरच्या अलीकडचं सगळं आपलं. आणि नागाळा पार्क किंवा शाहूपुरी कुंभार गल्लीत तळमजला घेतला असेल, तर २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाणी कुठपर्यंत आलं होतं ते शेजाऱ्यांना विचारा. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, दोन्ही वेळा नदी ती ओलांडून बरीच वर गेली. पाण्यात बुडालेली एमसीबी वाळवून चालत नाही, बदलावीच लागते. नवी शेगडी आणण्याआधी तो बोर्ड उघडून बघा.

पैशाचे तीन भाग करा. आगाऊ अगदी थोडे, लाइन ओढून झाली की काही, उरलेले दोन्ही शेगड्या तासभर एकदम चालवून बघितल्यावर. त्या तासात बोर्डाच्या प्लेटला हात लावून बघा, चांगली गरम लागली तर पैसे द्यायची घाई करू नका. काम चालू असताना चहा द्या आणि तिथंच उभ्या राहा. भिंत बुजवण्याआधी आणि प्लेट बंद करण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. वायर कुठनं गेलीय ते पुढं खिळा मारतानाही उपयोगी पडतं.