दुकानाची वेबसाईट मोबाईलवर नीट दिसायला काय काय करायचं

कोल्हापुरात भवानी मंडपात उभं राहून फोनवर चप्पलचं दुकान शोधणारं गिऱ्हाईक डोळ्यासमोर आणा. दुपारचं ऊन, एका हातात पोरगं, दुसऱ्या हातात फोन. तुमची साईट उघडली आणि अक्षरं मुंगीएवढी दिसली तर ते झूम करत बसत नाही, चप्पल लाईनीत समोर दिसेल त्या दुकानात शिरतं. माझ्या मावसभावाची साईट अशीच होती, कॉम्प्युटरवर झकास आणि मोबाईलवर नुसते हाल. नवीन साईट काही केली नाही, दोन रविवार बसलो आणि आहे तीच दुरुस्त केली, ते कसं ते सांगतो.

आधी सगळ्या फाईली आणि डेटाबेसचा बॅकअप घ्या, मग बाकीचं. आता घरातला सगळ्यात साधा फोन घ्या, वायफाय बंद करा आणि गिऱ्हाईक होऊन साईट बघा. पान आडवं सरकतंय का, फोन नंबर झूम न करता सापडतो का, हे वहीत लिहून ठेवा. जुन्या व्हिडिओत गुगलची मोबाईल-फ्रेंडली टेस्ट सांगतात, ती 2023 च्या डिसेंबरात बंद झाली, शोधत बसू नका, त्याऐवजी पेजस्पीड इनसाइट्स या गुगलच्याच तपासणीच्या साईटवर आपला पत्ता टाकून मोबाईलचा रिझल्ट बघा. कॉम्प्युटरवर क्रोममध्ये एफ12 दाबून मग कंट्रोल-शिफ्ट-एम केलं की फोनसारखं पान दिसतं, रुंदी 360 पिक्सेल ठेवा.

पहिली दुरुस्ती व्ह्यूपोर्टची, म्हणजे पान किती रुंद धरायचं ते फोनला सांगणाऱ्या कोडमधल्या ओळीची. हा मेटा टॅग नसला की फोन समजतो पान 980 पिक्सेलच्या आसपास रुंद आहे, आणि सगळं आक्रसून दाखवतो. पानाच्या कोडच्या वरच्या भागात, म्हणजे हेडमध्ये, व्ह्यूपोर्ट नावाचा मेटा टॅग टाकून त्यात विड्थला डिव्हाइस-विड्थ आणि इनिशियल-स्केलला 1 द्या. वर्डप्रेसची अलीकडची थीम असेल तर हे आधीच असतं. झूम बंद करायची सेटिंग मात्र टाकू नका, वयस्कर माणसांची पंचाईत होते.

मग रुंदी. सीएसएसमध्ये, म्हणजे साईटचं दिसणं ठरवणाऱ्या कोडमध्ये, कुठं 960 पिक्सेल असं ठोकून लिहिलेलं असेल तिथं विड्थ 100 टक्के आणि मॅक्स-विड्थ 960 करा, फोटोंना मॅक्स-विड्थ 100 टक्के, हाईट ऑटो. शेजारशेजारचे दोन कॉलम मीडिया क्वेरी (स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे बदलणारा सीएसएसचा नियम) लावून छोट्या स्क्रीनवर एकाखाली एक आणा. साईज आणि दराचा तक्ता असेल तर तेवढाच एका डब्यात (डिव्हमध्ये) घालून त्याला ओव्हरफ्लो-एक्स ऑटो द्या, म्हणजे तक्ता सरकतो, अख्खं पान नाही.

आता आपल्याकडचा खरा घोळ, मराठी फॉन्ट. कृतिदेव, शिवाजी असल्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेला मजकूर आतून इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात, फोनमध्ये तो फॉन्ट नसला की नुसता कचरा दिसतो, आणि गुगललाही तुम्ही चप्पल विकता का गूळ ते कळत नाही. कन्व्हर्टरनं सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोनांना कळणाऱ्या मराठी अक्षरांत, आणा आणि नंतर डोळ्यानं वाचून काढा, कारण रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात. फॉन्ट मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी घ्या, दोन्ही फुकट आहेत. अक्षर 17-18 पिक्सेल आणि लाईन-हाईट 1.6 तरी ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांटीत अडकतात. आणि चौकातल्या डिजिटल बोर्डाचं डिझाईन तसंच फोटो म्हणून साईटवर चिकटवू नका हो, बोर्ड वीस फुटांचा असतो, फोन बोटभर! तो मजकूर टाईपच करा.

फोटो मोबाईलवर काढलेले 4-5 एमबीचे असतात, ते 1200 पिक्सेल रुंदीचे करून वेबपी या कमी जागा खाणाऱ्या फोटो-फॉरमॅटमध्ये सेव्ह करा, बहुतेक फोटो 200 केबीच्या आत बसतात. खालच्या फोटोंना लेझी लोडिंग लावा, म्हणजे पान तिथवर सरकलं की मगच ते उघडतात, सगळ्यात वरच्याला नको, कारण पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदात दिसावा असं गुगलचं माप आहे आणि तिथं वरचाच फोटो आडवा येतो.

नंबर नुसता लिहू नका, दाबला की फोन लागेल अशी लिंक द्या. व्हॉट्सॲपच्या लिंकमध्ये नंबरच्या आधी 91 लागतो, शून्य किंवा अधिकचं चिन्ह नको. बटणं 48 पिक्सेल उंच असू देत, अंगठा जाड असतो माणसाचा. ऑर्डरच्या फॉर्ममध्ये अक्षर 16 पिक्सेलपेक्षा बारीक असलं तर आयफोन आपोआप झूम करतो, आणि नंबरच्या रकान्याला टाईप टेल दिलं की थेट आकड्यांचा कीबोर्ड उघडतो. आल्या आल्या अख्खी स्क्रीन झाकणारा पॉपअप असेल तर काढून टाका, बास.

सगळं झाल्यावर आमच्या फोनवर जुनंच पान दिसत होतं, अर्धा तास डोकं खाजवलं, मग कळलं कॅशे, म्हणजे साठवून ठेवलेली जुनी प्रत, साफ केला नव्हता. तो साईटवरचाही साफ करा आणि फोनमधलाही, मग फोन मावशीच्या हातात द्या आणि म्हणा, दुकानाला फोन लावून दाखव बघू.