दहावीनंतरचे दोन महिने

२०२३चा जून. मेडिकलच्या प्रवेशासाठीच्या नीट परीक्षेचा निकाल लागून आठ दिवस झाले होते, दुसरा प्रयत्नही हुकला होता. मुलगी मोबाइल हातात घेऊन स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "आई, आर्किटेक्चरला बारावीत गणित लागतं. माझं तर अकरावीतच सुटलंय."

सुटलं नव्हतं, आम्ही सोडायला लावलं होतं. २०२०मध्ये तिला दहावीला ९१ टक्के पडले. लॉकडाऊन चालू होता, बाहेर जाऊन चार जणांना विचारायची सोय नव्हती. क्लासवाल्यांचा फोन आला, "गणित काढून टाका, तेवढा वेळ नीटला मिळेल," आणि आम्ही हो म्हटलं. इंटरमिजिएट चित्रकलेत तिला 'ए' ग्रेड होती. आमच्या लेखी ती दहावीच्या वाढीव गुणांपुरतीच होती. ती तासन्‌तास घरांची, जिन्यांची, वाड्यांची चित्रं काढत बसायची. ते आम्हाला रोज दिसत होतं, पण त्याचा अर्थ काय हे एकदाही तिला विचारलं नाही. २०२३ला नीटला २० लाखांहून जास्त मुलं बसली होती आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा साधारण एक लाख. हा हिशेब आधी मांडला असता तरी दुसरा कोणता रस्ता उघडा ठेवायचा, एवढं तरी बोलणं झालं असतं.

आज ती उपयोजित कलेच्या पदवीला आहे आणि तिथं रमली आहे. तरीही तिची ती दोन वर्षं मला टोचतात. म्हणून धाकटा दहावीला गेला तेव्हा ठरवलं की घाई करायची नाही, आणि निकालाची वाट बघत नुसतं बसायचंही नाही.

दहावीचा शेवटचा पेपर मार्चमध्ये होतो. २०२५ला निकाल १३ मेला लागला. मधले दोन महिने बहुतेक घरांत लग्नं, गावाकडची जत्रा आणि मोबाइल यांत जातात. माझ्या मते मुलाच्या पुढच्या शिक्षणासाठी यापेक्षा मोलाचे दिवस पुन्हा मिळत नाहीत, कारण तेव्हा मार्क हातात नसतात. मार्क आले की सगळी चर्चा टक्क्यांभोवती फिरते.

धाकट्याचं एकच म्हणणं होतं, "मी कॉम्प्युटर करणार." पुण्यात हिंजवडीत नोकरी करणारा माझा भाचा आहे. घरून काम करण्याच्या एका दिवशी त्याच्याशेजारी याला बसवलं. संध्याकाळी फोन आला, "आई, दादा दिवसभर वाचतोय आणि मीटिंगमध्ये बोलतोय. मला वाटलं होतं वेगळंच." त्याला आवडत होते ते गेम आणि मोबाइल. कोड लिहिणं ही वेगळी गोष्ट आहे हे त्याला एका दिवसात कळलं, मी वर्षभर सांगून कळलं नसतं.

मग माझ्या भावाकडे पाठवलं. त्याचं कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत छोटं मशीनशॉप आहे, फौंड्रीतून आलेल्या ओतीव भागांचं टर्निंग, ड्रिलिंग करून देतात. मी त्याला फोनवर नुसतं विचारलं, तर तो म्हणाला, "ताई, पोराला कुठल्या रांगेत उभं करायच्या आधी काम तरी बघू दे की. दे पाठवून." आठ दिवस म्हणून गेलेला मुलगा महिनाभर जात राहिला. पहिले दोन दिवस चिप्स, म्हणजे मशीनखाली पडलेला धातूचा कीस, झाडून काढल्या. तिसऱ्या दिवशी मामानं हातात माप घ्यायचा व्हर्नियर दिला. रात्री जेवताना हा मला सांगत होता की सेटरनं, म्हणजे मशीन लावून देणाऱ्या कारागिरानं, मशीनवर एक जॉब (घडवायचा भाग) लावताना कसा अर्धा तास घातला, आणि तो मापात कसा बसला. जेवणाच्या ताटावर तो स्वतःहून एवढं बोलला, असं मला तरी त्याआधीचं आठवत नाही.

सगळ्यांनाच असा मामा नसतो, हे मला कळतं. पण ओळखीत कुणी नर्स असते, कुणी सीएकडे आर्टिकलशिप करत असतं, कुणाचं मेडिकल दुकान असतं, कुणी तलाठी असतो. तीन-चार ठिकाणी दोन-दोन दिवस मागून बघा. लोक नाही म्हणत नाहीत. मुलांना जाताना एकच सांगा, या माणसाचा दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत कशात जातो ते बघून ये.

मध्येच आम्ही एक चूक केलीच. बोटांचे ठसे घेऊन मुलाचा कल सांगतो म्हणणाऱ्या एका ठिकाणी पाच हजार रुपये भरले. रंगीत अहवाल आला. त्यात तो डॉक्टर, वकील, कलाकार, उद्योजक, सगळंच होऊ शकत होता. ठशांवरून कल ओळखण्याला शास्त्रीय आधार नाही. ते पैसे वाचवा.

आता दारांविषयी. प्रत्येक शाखेनं काय उघडतं हे सगळेच सांगतात. मी आधी काय बंद होतं ते विचारायला शिकले. बारावीला गणित नसेल तर इंजिनिअरिंग आणि आर्किटेक्चर जवळपास गेलंच. जीवशास्त्र नसेल तर नीटही जवळपास गेली. मनात गोंधळ असेल आणि अभ्यास झेपत असेल, तर दोन्ही विषय ठेवता येतात. कायद्याची पाच वर्षांची सीईटी, सीए फाउंडेशन हे कुठल्याही शाखेतून बारावी झालं तरी चालतं, आणि एमपीएससीच्या राज्यसेवेच्या, यूपीएससीच्या नागरी सेवेच्या बहुतेक पदांना कुठलीही पदवी. म्हणून "सायन्स घे, सगळं खुलं राहतं" हे अर्धंच खरं आहे. इंजिनिअरिंगला खुल्या गटात पीसीएममध्ये (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) ४५ टक्के लागतात, आणि नावडत्या विषयात मूल तिथंच अडकलं तर उघडं दारही कामाचं नाही.

धाकट्याला ७८ टक्के पडले. ह्यांचं म्हणणं अकरावी सायन्स, तेही इंटिग्रेटेड, म्हणजे कॉलेज नावाला आणि दिवसभर क्लास. मुलगा म्हणाला मेकॅनिकल डिप्लोमा. घरात चार दिवस अबोला होता. शेवटी मी कागद घेऊन वर्षं मांडली. बारावीची दोन आणि पदवीची चार, मिळून सहा. डिप्लोमाची तीन, मग थेट दुसऱ्या वर्षाला पदवीत प्रवेश, तिथली तीन, म्हणजे तीही सहाच. थेट दुसऱ्या वर्षाचा प्रवेश डिप्लोमाच्या गुणांवर होतो, सीईटी नसते. शिवाय तीन वर्षांनी नोकरी करायची झाली तर हातात काहीतरी असतं. कागद बघून ह्यांचा सूर मऊ झाला.

दुसरी बाजूही त्याच कागदावर लिहिली होती. डिप्लोमाला गेलं की नीट नाही. सैन्यात अधिकारी होण्यासाठीची एनडीएची परीक्षा बारावीवर असते, तीही नाही. त्याच्या एका मित्राला एनडीएलाच जायचं होतं, तो डिप्लोमाचा विचार करत होता, त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं. आणि मराठी माध्यमाच्या मुलांना पहिल्या सेमिस्टरला इंग्रजी आणि गणित जड जातं. आयटीआयचाही पर्याय आम्ही बघितला. तिथून डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. आयटीआय म्हणजे कमी मार्कांची मुलं, हे ऐकलं की मला राग येतो. मामाच्या शॉपमध्ये ज्या सेटरशिवाय काम अडतं, तो आयटीआयचाच आहे.

कागदपत्रं एप्रिलमध्येच काढून ठेवा. जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला. नॉन-क्रिमीलेअरवर मुदत लिहिलेली असते, ती बघून घ्या. निकालानंतर सेवा केंद्रात सगळा तालुका असतो, आणि तारीख चुकली की जागा जाते.

फॉर्म मुलाला स्वतःला भरू द्या. २०२५पासून अकरावीचा ऑनलाइन प्रवेश सगळ्या राज्याला लागू झाला. त्यात पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर तिथं प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणून पहिला क्रमांक "बघू, टाकून ठेवू" म्हणून भरायचा नाही. धाकट्यानं अकरावी आणि डिप्लोमा दोन्ही अर्ज स्वतः भरले. मी शेजारी बसून फक्त वाचलं. शासकीय तंत्रनिकेतनात मेकॅनिकल लागलं.

पहिल्या सेमिस्टरला गणितात त्याची दमछाक झाली. शिकवणी लावली, काठावर निघाला. ड्रॉइंगच्या शीट मात्र रात्री अकरापर्यंत चालतात. ताई सुट्टीला आली की दोघं जेवणाच्या टेबलावर बोर्ड ठेवून बसतात. ती त्याला पेन्सिल कशी फिरवायची ते दाखवते, आणि तो तिला एखाद्या ओतीव भागाच्या आत भोक कुठून कुठं जातं ते समजावतो.