गोळ्या सोसत नाहीत, हे सांगायला जाताना

बायपोलरच्या गोळ्या सोसेनात म्हणून डॉक्टरांची वेळ घेतलीत ना, मग तोवर त्या परस्पर बंद करू नका. लिथियम (मन स्थिर ठेवणारी बायपोलरची नेहमीची गोळी) एकदम सोडलं की मॅनिया, म्हणजे मन आणि वेग बेफाम चढणं, उलटण्याची भीती वाढते.

दोन आठवडे आधीपासून वहीत रोज दोन ओळी लिहा: झोप किती, मन कसं होतं, त्रास काय आणि गोळीनंतर किती वेळाने. नुसतं 'त्रास होतो' म्हणत मी तीन भेटी घालवल्या. चौथ्या वेळी सांगितलं, की कपबशी उचलली की बशी खडखडते, म्हणून पाहुण्यांसमोर मी चहाच घेत नाही. डॉक्टरांनी तिथल्या तिथे हात पुढे धरायला लावले आणि लिथियमची पातळी तपासायला सांगितली.

ही तपासणी भेटीआधीच करून घेता आली तर उत्तम. रात्रीच्या गोळीनंतर 12 तासांनी, सकाळची गोळी घ्यायच्या आधी रक्त द्यायचं. पातळी बहुतेकदा लिटरमागे 0.6 ते 0.8 मिलिमोलच्या आसपास ठेवतात. टीएसएच (थायरॉइड) आणि क्रिएटिनिनचे (मूत्रपिंड) जुने रिपोर्टही काढून ठेवा.

घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स एका पिशवीत भरा, अगदी सगळ्या. कंबर धरली म्हणून मेडिकलमधून आणलेलं आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक लिथियमची पातळी चढवतं, बीपीच्या काही गोळ्याही चढवतात. निर्जळी एकादशी, जुलाब, मीठ तोडलेलं असणं, हेही सांगायचं. (माझी थरथर कंबरेच्या गोळीने वाढली होती. ती मी 'औषधांत' मोजलीच नव्हती!)

आता पर्याय. काय अजिबात चालणार नाही ते घरीच ठरवून जा, कारण प्रत्येक गोळी काहीतरी मागतेच. ओलान्झापिन, क्वेटियापिन, व्हॅलप्रोएट यांनी वजन वाढू शकतं. अरिपिप्राझोल आणि लुरासिडोन त्या मानाने बरी, पण काहींचे पाय एका जागी ठरत नाहीत. लुरासिडोन किमान 350 कॅलरींच्या जेवणाबरोबर घ्यावी लागते, चहा-बिस्किटावर भागत नाही. लॅमोट्रिजिनने वजन सहसा वाढत नाही. तिचा उपयोग मुख्यतः नैराश्य परत येऊ नये यासाठी, मॅनियाला ती पुरत नाही. सुरुवात 25 मिलिग्रॅमने, व्हॅलप्रोएट चालू असेल तर तेवढीच दिवसाआड. अंगावर पुरळ आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं, आणि चारपाच दिवस चुकली तर जुन्या डोसवर परस्पर जायचं नाही. मूल हवं असेल तर बायकांनी ते पहिल्याच वाक्यात सांगावं, व्हॅलप्रोएट गर्भाला घातक आहे. औषध न बदलता डोस उतरवता येईल का, रात्री एकदाच घेता येईल का, थरथरीवर प्रोप्रानोलोल चालेल का, हेही विचारा. दम्याचा त्रास असेल तर प्रोप्रानोलोलचं विचारताना तो आधी सांगा.

घरचं एक माणूस बरोबर न्या. आपला वेग चढतोय हे त्यांना आधी दिसतं, आपल्याला तेव्हा फक्त छान वाटत असतं.

उठण्यापूर्वी जुनी गोळी कधी किती उतरवायची ते तारखांसकट लिहून घ्या. ओकाऱ्या-जुलाब, जोराची थरथर, तोल जाणं, जीभ जड होणं असं काही लिथियमवर असताना झालं, तर पुढची गोळी न घेता थेट हॉस्पिटल. मनाचा तोल ढळतोय असं अडनिड्या वेळी वाटलं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर 14416. तो फोनमध्ये आजच टाका, आणि बरोबर येणाऱ्याच्या फोनमध्येही.