रेकॉर्ड प्लेअरमध्ये आधी काय बदलावं?

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या कवेलूच्या घरात आजोबांचा प्लेअर अजून वाजतो. एका वर्षी कापसाचे पैसे हातात आले आणि मी थेट नवे स्पीकर आणले. आवाज वाढला, तशी खरखरही वाढली. दोष सुईत होता. त्या झिजल्या सुईनं दोन तबकड्या कायमच्या खरवडल्या गेल्या, आणि ते मला अजून सलतं. म्हणून पैसे काढण्याआधी दोष कुठे आहे ते शोधा.

पहिली परीक्षा फुकटची आहे. प्लेअर ज्या अँपला (आवाज वाढवणाऱ्या अँप्लिफायरला) जोडला आहे, त्यालाच मोबाइल जोडून गाणं लावा. तेही दबलेलं, फाटलेलं आलं तर अँप किंवा स्पीकर पाहा. ते स्वच्छ आलं तर स्पीकरला हात लावू नका, दोष अँपच्या आधी, प्लेअरमध्येच आहे.

सूर डोलत असेल तर तबकडीवर कागदाची चिठ्ठी चिकटवा आणि फेरे मोजा. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाला ३ मिनिटांत बरोबर १०० फेरे व्हायला हवेत. कमी-जास्त झाले तर आधी तबकडी फिरवणारा रबरी बेल्ट बदला, तो स्वस्त असतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात रबर लवकर सैल पडतं.

सुई उचललेली असतानाही घूं येतो? कूलर बंद करून पाहा, मग प्लेअरची अर्थिंगची तार अँपच्या स्क्रूला घट्ट बसली आहे का ते तपासा.

आता सुई. खर्च करायचाच असेल तर माझ्या मते पहिला इथेच, कारण सुईनं खाचेतून जे उचललं नाही ते पुढचं कोणतंही यंत्र परत आणू शकत नाही. हिऱ्याची सुई साधारण ५०० ते १००० तास चालते. रोज एक एलपी (३३⅓ च्या वेगाची मोठी तबकडी) ऐकली तर दोनेक वर्षांतच तपासायची वेळ येते. बाजू संपत आली की 'स', 'श' चिरकायला लागतात, ही झिजेची खूण. पण आधी ब्रशनं काळ्या मातीची धूळ काढा, गवंड्याच्या लेव्हलनं प्लेअर समतल करा आणि सुई तबकडीवर किती भार टाकते ते पाहा. चुंबकी कार्ट्रिजला (कार्ट्रिज म्हणजे सुई बसते ती डबी) बहुधा दीड ते अडीच ग्रॅम लागतो. भार फार कमी ठेवला तर सुई उसळून खाच ओरबाडते, म्हणून हलकं तेच चांगलं असं समजू नका.

घरात मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या असतील तर त्यांना वेगळी, जाड टोकाची सुई लागते. एलपीची सुई त्यांच्या रुंद खाचेच्या तळाशी घसरते.

जुन्या सिरॅमिक कार्ट्रिजच्या जागी चुंबकी बसवणार असाल तर फोनो प्रीअँपही (कार्ट्रिजचा बारीक आवाज अँपआधी वाढवणारं यंत्र) घ्यावा लागतो, नाहीतर आवाज बारीक आणि बिनखर्जाचा येतो. स्पीकर सगळ्यात शेवटी, आणि ते प्लेअरच्या टेबलावर कधीच ठेवू नका.

नागपूरला सुई आणायला जाताना कार्ट्रिजवरचा नंबर लिहून घ्या आणि जुनी सुई डबीत सोबत न्या.